पिकअपमध्ये रिमोट स्टार्टर आणि अलार्म जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी डबल कॅब डिझेल पिकअप, १२ व्होल्टची, गिअर हाताने टाकायचे, चावीत चिप. रिमोट स्टार्टर आणि अलार्म एकत्र असलेला बॉक्स आणलाय. त्यातून तीसेक वायरी बाहेर येतात, सोबतचा कागद अर्धवट आहे आणि कुणीतरी सल्ला दिलाय की रंगाला रंग जुळवा, टेप गुंडाळा, झालं. हे घरच्या घरी जमेल का?

जमेल. पण रंगाला रंग जुळवायचा सल्ला आधी डोक्यातून काढा. बॉक्सवाल्याचे रंग त्याचे, गाडीवाल्याचे गाडीवाल्याचे. आणि जुन्या गाडीत मधे कुणी म्युझिक सिस्टिम, कुणी फॉग लॅम्प बसवून गेलेला असतो, तो आपल्या पिशवीत असेल ती वायर वापरतो. मी गाडीच्या वायरिंगचं काम २२ वर्षं करतोय, तरी अजून एकही वायर मीटर लावल्याशिवाय सोलत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. सेल्फ मारणं हे या बॉक्सचं सगळ्यात सोपं काम आहे. तुम्ही चावी फिरवता तेव्हा नकळत चार गोष्टी बघता: गिअर न्यूट्रलला आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना, बोनेटमध्ये कुणाचा हात नाही ना, इंजिन आधीच चालू नाही ना. बॉक्सला डोळे नाहीत. या चार गोष्टी त्याला चार बारीक वायरींतूनच कळतात, आणि घाईत नेमक्या त्याच वायरी लोक "नंतर बघू" म्हणून गुंडाळून ठेवतात. कारण त्या जोडल्या नाहीत तरी गाडी सुरू होते. म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. गाडी कधी सुरू करायची नाही, हे सांगणाऱ्या वायरी पहिल्या. सेल्फची वायर सगळ्यात शेवटी.

गिअर हाताने टाकायच्या गाडीचं आधी बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. बॉक्स मॅन्युअल गाडीसाठी आहे असं त्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. फक्त ऑटोमॅटिकसाठीचा असेल तर परत करा, जुगाड करू नका. मॅन्युअलवाल्या बॉक्समध्ये एक पद्धत असते, तिला रेडी मोड किंवा रिझर्व्हेशन म्हणतात. इंजिन चालू असताना गाडी न्यूट्रलला आणायची, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटण दाबायचं आणि चावी काढायची. इंजिन चालूच राहतं, कारण आता ते बॉक्सने धरलंय. तुम्ही उतरता, दार लावता, आणि मग बॉक्स इंजिन बंद करतो. गिअर पडला असता तर चावी काढून, क्लच सोडून, इंजिन चालू ठेवून उतरताच आलं नसतं. आणि दार लागल्यानंतर पुन्हा उघडलं नाही, म्हणजे आत जाऊन कुणी गिअरला हात लावलेला नाही. बॉक्सला गिअर दिसत नाही. तो दारावरून अंदाज बांधतो, एवढंच.

आता तुमच्या गाडीला चार दारं आहेत. त्यातल्या मागच्या एका दाराची वायर जोडली नाही, तर त्या दाराने आत गेलेला माणूस बॉक्सच्या हिशेबी आत गेलेलाच नाही. मागची काच सरकती असेल तर तीही लक्षात ठेवा, तिला स्विच नसतो. गाडीत पोरं बसलेली असताना किंवा काच खाली सोडून रेडी मोड लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मी स्वतः एकदा इथे माती खाल्ली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईकाला ही उतरण्याची भानगड कटकटीची वाटली. रोज विसरतो, मग सकाळी गाडी चालू होत नाही, म्हणाला. मी हँडब्रेकची वायर कायमची अर्थ करून दिली, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडून टाकली, आणि दाराची काढून टाकली. बॉक्सला वाटायचं हँडब्रेक ओढलेला आहे आणि दार बंदच आहे. दोन दिवसांनी तो गाडी दाखवायला आला, उतारावर पहिल्या गिअरमध्ये लावली आणि माझ्यासमोर हौसेने बटण दाबलं. गाडीने सेल्फवरच तीन-चार हात उडी घेतली आणि माझं बसायचं स्टूल बंपरखाली घेतलं. मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो. तेव्हापासून ती वायर अर्थ करून द्या म्हणणाऱ्याला मी पैसे परत देतो.

हँडब्रेकची वायर लिव्हरखालच्या स्विचवर मिळते. बहुतेक गाड्यांत लिव्हर ओढला की ती अर्थ होते आणि मीटरमधला लाल दिवा लागतो. तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो, म्हणून वायर दिव्याकडून न घेता लिव्हरच्या स्विचपाशीच घ्या, आणि मधे डायोड टाका, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट. फुटब्रेकची वायर पेडलवरच्या स्विचच्या त्या टोकाला घ्यायची, जिथे पाय दाबल्यावरच १२ व्होल्ट येतात. चावीशिवाय चालू असलेली गाडी कुणी पळवायला बघितली, तर ब्रेकला पाय लागताच इंजिन बंद पाडणारी वायर हीच. ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला तर ही वायर मुकी होते, म्हणून तो फ्यूज अधूनमधून बघत जा.

बोनेटचा पिन स्विच किटमध्ये असतो. बोनेट उघडलं की तो अर्थ देतो आणि बॉक्स स्टार्ट नाकारतो. आत फॅन बेल्टवर कुणाची बोटं असताना खिशातलं बटण चुकून दाबलं जाण्याची कल्पना करा. स्विच पाणी वाहणाऱ्या पन्हळीत लावू नका. तिथे सहा महिन्यांत गंजतो आणि मग एकतर अलार्म रात्रभर बोंबलतो, नाहीतर स्विच कायमचा गप्प होतो. दुसरा प्रकार वाईट.

आता चावीच्या स्विचकडे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, स्टिअरिंगखालचं कव्हर उघडा. पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्यांना मीटरही लावायचा नाही, त्यांच्यावर टायही आवळायचा नाही. बल्बवाला टेस्टर या कामात घेऊच नका. ३ वॅटचा बल्ब पाव अँपिअर ओढतो, आणि कॉम्प्युटरच्या बारीक वायरीला तेवढं सोसत नाही. डिजिटल मल्टिमीटर घ्या.

बॅटरी परत जोडा, मीटरची काळी पिन उघड्या लोखंडावर धरा, लाल पिन स्विचच्या जाड वायरींवर एकेक करून लावा, आणि दुसऱ्या माणसाला गाडी न्यूट्रलला ठेवून, क्लच दाबून चावी फिरवायला सांगा. चावी बंद असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची थेट वायर. चावी ऑनला आल्यावर १२ येतात आणि सेल्फ मारतानाही टिकतात, ती इग्निशन. ऑनला १२ येतात, पण सेल्फ मारताना शून्यावर जातात, ती अॅक्सेसरी. फक्त सेल्फ मारतानाच १२ दाखवते, ती सेल्फची. सेल्फ मारताना बॅटरी स्वतःच दहा-अकरा व्होल्टवर उतरते. त्या उतरण्याला "गेली" समजू नका, शून्य म्हणजेच गेली. प्रत्येक वायरीला कागदी टेपचा तुकडा लावून नाव लिहा.

इग्निशन आणि अॅक्सेसरी बऱ्याच गाड्यांत दोन-दोन असतात, आणि काही गाड्यांत सेल्फच्याही दोन. दुसरी इग्निशन राहिली तर गाडी रिमोटने मस्त सुरू होते, पण एसीचा ब्लोअर मेलेला. मग सगळे ब्लोअर उघडून बसतात. बॉक्सकडे तितक्या जाड वायरी नसतील तर ४० अँपिअरचा रिले, म्हणजे बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच, जोडा: ३० नंबरवर फ्यूज टाकलेला बॅटरीचा करंट, ८७ वरून गाडीची वायर, ८५ आणि ८६ वर कॉइल. कॉइलवर एक डायोड उलटा टाका, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. रिले सुटताना कॉइल जो झटका परत मारते, तो बॉक्सच्या नाजूक आउटपुटपर्यंत पोचत नाही.

सेल्फची वायर मात्र जोडायची नाही, तोडायची. तोडलेलं चावीकडचं टोक आणि सेल्फकडचं टोक बॉक्सच्या दोन वेगळ्या वायरींना जातं, मधे रिले. त्यामुळे इंजिन रिमोटवर चालू असताना कुणी सवयीने चावी स्टार्टपर्यंत फिरवली, तर सेल्फ फ्लायव्हीलच्या दातांवर जाऊन खरखरत नाही. शिवाय अलार्म लागलेला असताना चोराच्या चावीने सेल्फ लागत नाही. टोकांची अदलाबदल झाली तर चावीने चालू आणि रिमोटने गप्प असा प्रकार होतो. अलार्मसाठी तोडायची ती एवढी एकच वायर. काही जण चालत्या गाडीचं इग्निशन किंवा डिझेलचा सोलेनॉइड रिमोटने तोडायची सोय मागतात. मी ती करत नाही. चालती, भरलेली गाडी अचानक बंद पडली की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा व्हॅक्यूम संपत जातो, आणि ती कुणाच्या अंगावर जाईल ते चोर ठरवत नाही.

बॉक्सच्या जाड पॉझिटिव्ह वायरी दोन असतील तर दोन्ही जोडा, एकीवर भागवू नका. त्या चावीच्या स्विचवरून न घेता थेट बॅटरीवरून किंवा मेन फ्यूज बॉक्सवरून घ्या, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज रिमोटच्या बॉक्सजवळ असला आणि मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तो काहीच वाचवत नाही. इंजिनकडून कॅबिनमध्ये येताना रबरी ग्रोमेट हवाच. वायर आधी थोडी खाली झोळवून मग वर घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता खाली टपकतं. अर्थसाठी रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर टाकून लग आवळा आणि वरून ग्रीस लावा. डॅशच्या प्लास्टिकमध्ये घुसलेल्या स्क्रूला अर्थ दिलेले बॉक्स मी काढलेत. त्यांच्या तक्रारी कधी येतात, कधी जातात, आणि माणूस बॉक्स बदलत बसतो.

सांध्यांबद्दल लोकांमध्ये वाद आहेत. माझं मत असं: चांगल्या पक्कडीने दाबलेला बट कनेक्टर आणि त्यावर गरम करून बसवायची स्लीव्ह. सोल्डरही चालतो, पण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि पिकअपच्या थरथराटाने नेमकी तिथेच तुटते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या. वायर न सोलता दाताने चावणारे ते रंगीत क्लिप मात्र नकोत. नुसता टेप उन्हात चिकटा सोडून सुटतो, हे सांगायला नको.

डिझेलचं वेगळं दुखणं म्हणजे हिटर प्लग. थंड इंजिनाला प्लग तापेपर्यंत सेल्फ मारायचा नसतो, आणि तुम्ही स्प्रिंगसारख्या खुणेचा पिवळा दिवा विझायची वाट बघता. बॉक्सला ही वाट दोन रीतींनी शिकवता येते. मीटरमधल्या त्या दिव्याची वायर बॉक्सच्या वेट इनपुटला, म्हणजे 'थांब' सांगणाऱ्या वायरीला, द्यायची. दिवा लागलेला असताना ती अर्थ होते की १२ दाखवते, ते मीटरने बघून मग. किंवा सेटिंगमधून ठरावीक सेकंदांचा उशीर टाकायचा. नव्या गाड्यांत दिव्याला वेगळी वायरच नसते, तो डेटावर चालतो, तिथे उशीरच बरा. आणि इंजिन बंद करायला दोरी ओढावी लागते अशी फार जुनी डिझेल गाडी असेल, तर हा बॉक्स तिला चालू करेल, बंद करू शकणार नाही. अशा गाडीत बसवू नका.

इंजिन लागलं की नाही हे बॉक्सला आरपीएमवरून कळतं. डिझेलला इग्निशन कॉइल नसते, म्हणून ही वायर आल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यायची. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, अॅक्सिलरेटर दिला की आकडा चढला पाहिजे. मग कागदात दिल्याप्रमाणे बॉक्सला आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, शिकवा. ही वायर टाळून बॅटरीच्या व्होल्टवरून अंदाज घ्यायची सोयही असते, पण मॅन्युअल डिझेलला ती मी वापरत नाही. इंजिन लागल्यावरही काही वेळ हिटर प्लग चालू राहतात, व्होल्ट खाली ओढतात, आणि बॉक्सला वाटतं इंजिन लागलंच नाही. मग तो चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नसेल, तर क्लचच्या स्विचला रिलेने फक्त रिमोट स्टार्टच्या वेळेपुरतं जोडा. कायमची तार टाकून ठेवू नका, नाहीतर चावीनेही गाडी गिअरमध्ये उडी मारेल.

चावीतल्या चिपला बॅटरी नसते. कुलपाभोवतीची रिंग १२५ किंवा १३४.२ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, त्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. रिमोटने सुरू करताना चावी तिथे नसते, म्हणून बायपास मॉड्यूल लागतो. एक प्रकार जादा चावी डॅशखाली डबीत ठेवायचा. तो चालतो, पण मग चोराला फक्त कुलूप फोडायचं उरतं. दुसरा डेटावरचा, एकदा चावी वाचून घेतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलला आणि सालाला तो लागू असेल तर दुसराच घ्या. दोघांनाही बॉक्सची एक बारीक वायर लागते, जी रिमोटवर इंजिन चालू असेपर्यंत अर्थ देते. गाडी लागून दोन सेकंदांत मरत असेल तर नव्वद टक्के वेळा दोष इथे असतो. सेल्फ लांबत असेल तर आरपीएमच्या वायरीत बघा. आणि नुसते पार्किंग लाइट लुकलुकत असतील तर किती वेळा ते मोजा. बॉक्स का नाकारतोय ते तो त्या लुकलुकण्यातून सांगतो, अर्थ कागदात असतो.

अलार्मचं काम यापुढे सोपं आहे. दाराचे स्विच बहुतेक गाड्यांत दार उघडल्यावर अर्थ देतात, काहींत पॉझिटिव्ह. चारही दारांच्या वायरी वेगळ्या असतील तर सरळ एकत्र पिळू नका, नाहीतर एक दार उघडल्यावर चारही उघडल्यासारखं गाडीला वाटेल. प्रत्येकीत एक १एन४००७ डायोड घाला. अर्थ देणारे स्विच असतील तर डायोडची पट्टी दाराकडे, पॉझिटिव्ह असतील तर पट्टी बॉक्सकडे. हाच डायोड इंडिकेटरला वापरू नका. तो १ अँपिअरचा आहे आणि २१ वॅटचा एक बल्बच पावणेदोन अँपिअर घेतो.

सायरनचं तोंड खाली, पाणी साचणार नाही असं. धक्क्याचा सेन्सर स्टिअरिंगच्या खांबाला घट्ट बांधा आणि संवेदना कमीच ठेवा. पिकअप रिकामी असताना शेजारून ट्रक गेला तरी डुलते, आणि रोज रात्री उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे शेवटी कुणी बघत नाही. काचेवरचा अँटेना पत्र्यापासून दूर, वर लावा.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी दोन वाक्यं. २४ व्होल्टच्या गाडीत १२ चा बॉक्स दोन बॅटऱ्यांपैकी एकीवर लावू नका. एक सतत उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन दोन्ही लवकर जातात. २४ चाच बॉक्स घ्या, नाहीतर कन्व्हर्टर आणि २४ चे रिले. आणि कॅबिन पुढे झुकणारी असेल तर बोनेटच्या जागी कॅबिनच्या लॉकला स्विच लावा, कारण तिथे माणूस अख्खाच्या अख्खा इंजिनावर वाकलेला असतो.

सगळं झालं की चाकांना ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून मोकळ्या हवेत तपासा. बंद शेडमध्ये नको, धूर साचतो. रिमोटने चालू करा, ब्रेक दाबा, बंद पडली पाहिजे. पुन्हा चालू करा, बोनेट उचला, बंद. हँडब्रेक सोडा, बंद. मग प्रत्येक दारासाठी नव्याने रेडी मोड लावून उतरा आणि चारही दारांचं एकेक करून बघा: दार उघडून लावल्यावर बटण दाबलं तर गाडी लागता कामा नये. एकाही दाराला लागली तर तो डायोड शोधा, आणि तोवर सेल्फची वायर काढून ठेवा.

रात्री गाडी लॉक करून अर्ध्या-पाऊण तासाने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर घालून करंट मोजा. बोनेट उघडं असेल, म्हणून पिन स्विच टेपने दाबून ठेवा. पूर्ण गाडीचा ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. एकट्या बॉक्सचे ३० धरले तरी महिन्याला साडेएकवीस अँपिअर-तास जातात, म्हणजे ७० च्या बॅटरीतले जवळपास तिसरा हिस्सा. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

कुठली वायर कुठून घेतली तो कागद फोटो काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. बोनेटखाली "गाडी आपोआप सुरू होऊ शकते" अशी चिठ्ठी चिकटवा. व्हॅले स्विच, म्हणजे अलार्म आणि रिमोट स्टार्ट तात्पुरते बंद ठेवणारा स्विच, कुठे दडवलाय ते ड्रायव्हरला दाखवा, आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना तो चालू करूनच द्या.